आठ वर्षांची अपॉइंटमेंट

बोरिवलीच्या जंगलातली कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. २०१६ साली आमची भेट हुकली. २०२४ साली मात्र नव्या गुडघ्यावाल्या मामाबरोबर कान्हेरी गाठलीच!

गुरुवारची संध्याकाळ, सप्टेंबर २०२४. गणपती नुकतेच गेले होते. एका क्लायंटला रात्री नऊपर्यंत हजार शब्द पाठवायचे होते आणि माझे जेमतेम दीडशे झाले होते. तेवढ्यात फोन वाजला. मामा. आमचा मामा मेसेज वगैरे भानगडीत पडत नाही, थेट फोन करतो आणि हॅलोसुद्धा न म्हणता मुद्द्यावर येतो.

"आली."

"कोण आली?"

"कोण काय? कारवी! कान्हेरीच्या वरच्या अंगाला सगळा डोंगर जांभळा झालाय. रविवारी सकाळी साडेसातला नॅशनल पार्कच्या गेटवर ये. आणि हे बघ, सोळा सालासारखं करू नकोस."

खट्. फोन बंद.

रविवारी माझा बांद्र्याला ब्रंचचा प्लॅन होता. ग्रुपवर तीन आठवडे घासाघीस करून ठरलेला. (चार मुंबईकरांनी एका रविवारी एकाच ठिकाणी भेटायचं ठरवणं म्हणजे काय असतं, हे तुम्हाला सांगायला नको.) पण 'सोळा साल' हे शब्द नेमके टोचले. ब्रंच कॅन्सल केला. मैत्रिणींनी विचारलं, कुठे चाललीस? म्हटलं, एका झुडपाला भेटायला. "हॅव फन" असं उत्तर आलं, सोबत डोळे फिरवणारा स्मायली.

तुम्ही तिला ओळखता

ट्रेकला जाणाऱ्यांसाठी वेगळी ओळख करून द्यायला नको. पावसाळ्यात एखादा गड उतरताय, वाट घसरडी झालीय, बूट चिखलाने जड झालेत, आणि पुढचा लीडर ओरडतो, "कारवीला धरून उतरा रे!" त्या वेळी तुम्ही ज्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठ्यांना मिठी मारता ना, तीच ही. सह्याद्रीच्या उतारांवर पुरुषभर उंचीचं, कधी त्याहून उंच, दाट रान माजवणारी. खरखरीत, कातरलेल्या कडांची मोठी पानं. उन्हाळ्यात पानं झडतात आणि डोंगरावर नुसत्या काठ्या उभ्या राहतात. फुलं नसतात त्या वर्षांत कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मीसुद्धा कितीतरी वेळा तिच्या आधाराने घसरता घसरता वाचलेय आणि पुढच्या वळणावर तिला साफ विसरलेय.

कूळ अडुळशाचं. एकोणिसाव्या शतकात नीस फॉन एझेनबेक या भारदस्त नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तिचं शास्त्रीय बारसं केलं, 'स्ट्रोबिलँथस कॅलोसा'. स्ट्रोबिलँथस म्हणजे शंकूसारखा फुलोरा असलेली. पुढे दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने तिला वेगळ्या घराण्यात टाकलं आणि त्या घराण्याला नाव दिलं 'कार्विया'. म्हणजे आपल्या डोंगरातल्या माणसांनी ठेवलेलं नाव थेट लॅटिनमध्ये जाऊन बसलं! पुस्तकांत आज दोन्ही नावं सापडतात. आपण आपली कारवीच म्हणू.

आता मुद्द्याची गोष्ट. कारवी दरवर्षी फुलत नाही. बी रुजल्यापासून सात वर्षं ती फक्त वाढते. पावसाळ्यात पानं, उन्हाळ्यात काठ्या, पुन्हा पावसाळ्यात पानं. मग आठव्या वर्षी, ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत, अख्ख्या डोंगरावरची सगळी कारवी एकदम फुलते. बिया धरते. आणि मरते. सगळीच्या सगळी, एकदम.

मुंबईच्या जंगलातलं तिचं वेळापत्रक पाठ करायला सोपं आहे. २०००, २००८, २०१६, २०२४. लीप वर्षं आणि ऑलिंपिकचीही वर्षं. (मामाची गंमत बघा, त्याला ऑलिंपिक कुठे झालं ते कारवीवरून आठवतं. इतरांचं उलटं असतं.) अधूनमधून एखादं चुकार झुडूप भलत्याच वर्षी फुलतं, नाही असं नाही. दुसऱ्या डोंगरांची वर्षंही वेगळी असू शकतात. बोरिवलीचं कॅलेंडर घेऊन भीमाशंकरला गेलात तर फसगत होईल.

रोलवाला कॅमेरा आणि फ्री डेटा

मामाची पहिली कारवी १९९२ची. बँकेतल्या मित्रांबरोबर तो कान्हेरीला सहज फिरायला गेला होता, कारवी-बिरवी काही माहीत नव्हतं. मग २०००. मग २००८, आणि त्या वेळी मी त्याच्यासोबत होते.

मी सहावीत होते. मोठी माणसं ऑर्कुटवर होती आणि मामाकडे अजून रोलवाला कॅमेरा होता. छत्तीस फोटो, त्यामुळे प्रत्येक फोटोआधी तो इतका विचार करायचा की फुलावरची माशी कंटाळून उडून जायची. मला त्या दिवसाचं फारसं काही आठवत नाही. शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट चिखलात घातले म्हणून घरी आल्यावर मिळालेला ओरडा आठवतो. कान्हेरीच्या पायरीवर बसून खाल्लेली पोळी आणि बटाट्याची भाजी आठवते. आणि एक आवाज आठवतो. मधमाश्यांचा. एका माशीचा नाही, सगळ्या डोंगराचा मिळून एक. ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिल्यावर येतो ना, तसा.

उतरताना मामा म्हणाला होता, "आता पुढच्या वेळी तू कॉलेजात असशील. तेव्हा तू मला घेऊन ये."

२०१६ आलं. मी मास मीडियाला. सप्टेंबरात कॉलेजचा फेस्टिव्हल, मी पीआर टीममध्ये, म्हणजे जगाचा भार माझ्याच खांद्यावर. त्याच महिन्यात जिओचं सिम आलं होतं आणि सगळी पब्लिक फ्री डेटावर तुटून पडली होती. मामाने पहिल्या रविवारी फोन केला. म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की. पुढच्या रविवारी पुन्हा फोन. म्हटलं, फेस्टिव्हल होऊ दे, मग जाऊच. फेस्टिव्हल झाला, व्हायवा आली, ऑक्टोबर आला. मामा एकटाच जाऊन आला. त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही, हेच जास्त लागलं. नंतर कधीतरी फोटो दाखवायला आला, तेव्हा मी फोनवर होते.

पुढच्या रविवारी जाऊ, हे वाक्य आपण किती ठिकाणी वापरतो! जिम, डेंटिस्ट, आजीकडे जाणं. चालतं, कारण पुढचा रविवार येतोच. कारवीचा पुढचा रविवार आठ वर्षांनी येतो. २०१६ ते २०२४ या काळात माझ्या तीन नोकऱ्या झाल्या, एक ब्रेकअप झालं, कोविड येऊन गेला आणि नोकरी सोडून मी फ्रीलान्सर झाले. मामा रिटायर झाला आणि २०२२ साली त्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली.

जांभळा रविवार

तर २२ सप्टेंबर, सकाळी साडेसात, बोरिवली पूर्व. मामा माझ्याआधी हजर. हातात काठी, पाठीवर सॅक आणि गळ्यात माझ्या मामेभावाने घेऊन दिलेला डिजिटल कॅमेरा. गेटपासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर. मामाचा गुडघा लक्षात घेऊन आम्ही मुकाट्याने बसमध्ये बसलो.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाबद्दल आपल्याला एक गोष्ट नीट कळलेली नाही असं माझं मत आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल, तेही महानगराच्या ऐन पोटात, आणि आपण तिथे शेवटचे कधी गेलो तर शाळेच्या पिकनिकला. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यात ज्यांचं पाणी मिसळतं ते विहार आणि तुळशी तलाव याच डोंगरांत आहेत. या उतारांवरची माती पावसात धुपून तलावात जाऊ नये, याची बिनपगारी नोकरी कोण करतं? बरोबर. हजारो मुळांनी उतार धरून ठेवणारी कारवी.

कान्हेरीला उतरलो. ढग खाली आले होते, पण पाऊस नव्हता. लेण्यांच्या पायऱ्या मामा एकेक करून चढला, दर दहा पायऱ्यांवर थांबून मला इतिहास ऐकवत. (दम लागलाय हे तो कबूल करत नाही, मग इतिहास सुरू होतो.) काळ्या बसाल्टमध्ये कोरलेली शंभराहून जास्त लेणी. जुनं नाव कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर. सुरुवातीची लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची. मी मनातल्या मनात भागाकार केला, भागिले आठ. कारवीची घड्याळं तेव्हाही अशीच चालत असतील, तर इथल्या भिक्षूंच्या काळापासून अडीचशे वेळा हा डोंगर जांभळा झालाय. मामाच्या वाट्याला आलेल्या पाच. माझ्या दोन.

वरच्या टाक्यांच्या पुढे वाट वळते, आणि तिथे...

खरं सांगू? पहिल्या क्षणी माझी थोडी निराशाच झाली. रील्समध्ये बघून माझ्या डोक्यात काहीतरी लॅव्हेंडरच्या शेतासारखं चित्र तयार झालं होतं. सरळ रांगा, एकसारखा रंग, मधून चालणारी पांढऱ्या ड्रेसमधली मुलगी. कारवी तशी नाही. ती हिरवी आहे, आणि त्या हिरव्यात जांभळं पेरलेलं आहे. काही फुलोरे अजून कळीत, काही ऐन भरात, काही गळून तपकिरी झालेले. पण पाच मिनिटं उभं राहिलं की डोळे सरावतात. मग समोरच्या उतारावरचं जांभळं दिसतं, मग त्याच्या मागच्या, मग दूर धुक्यात आणखी एक. आणि मग कळतं की हे संपतच नाहीये.

जवळून फूल साधंच. घंटेसारखं, आत फिकट, कडेला गडद निळसर जांभळं. फुलोरा लांबट, खवल्याखवल्यांचा, जुना झाला की हाताला चिकट लागतो आणि त्याला एक उग्र वास येतो. परफ्युमचा नाही, औषधी. मला आवडला.

आणि तो आवाज! सोळा वर्षांनी. तोच. मी डोळे मिटले आणि सहावीतले बूट आठवले. मधमाश्या, काळे भुंगे, फुलपाखरं, सगळ्यांची दिवाळी चाललेली. कारवी फुलते त्या वर्षीचा मधही वेगळा असतो, दाट आणि गडद. डोंगरातल्या माणसाला कारवीचा मध म्हणा, त्याचा चेहरा बघा. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला २०२२ साली राज्यातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर केलं गेलं. तिकडच्या जंगलांतही कारवी आणि तिच्या बहिणी आहेतच.

मामा एका दगडावर बसला होता. कॅमेरा मांडीवर, फोटो काढत नव्हता.

"काय रे, नको फोटो?"

"काढतो की. तेव्हा छत्तीसच होते, तर घाई असायची. आता दोन हजार निघतात, तर काढवत नाही."

आठच का?

रोपाला कसं कळतं की आठवं वर्ष लागलं? त्यांना कोण सांगतं? मामाचं उत्तर, "तुला वाढदिवस कोण सांगतं?" हे काही शास्त्रीय नव्हे. पण सगळ्यांनी एकदम फुलण्याचा फायदा काय, याचं एक पटणारं स्पष्टीकरण आहे. दरवर्षी थोड्या थोड्या बिया पडल्या, तर किडे, उंदीर, पक्षी आरामात सगळ्या फस्त करतील. त्याऐवजी सात वर्षं उपास घडवायचा आणि आठव्या वर्षी इतक्या बिया ओतायच्या की खाणाऱ्यांनी पोट फुटेस्तोवर खाल्लं तरी भरपूर उरतील. थोडक्यात, बुफेवर एकदम एवढं जेवण मांडायचं की संपवणं कुणाच्या बापाला जमणार नाही. वर, एवढी फुलं एकत्र म्हटल्यावर माश्याही लांबून येतात.

मार्केटिंगवाल्यांनी हेवा करावा अशी स्ट्रॅटेजी. पण तिच्यात एक मोठी जोखीम आहे, आणि ती मला त्या दिवशी डोळ्यांसमोर दिसली.

आमच्या मागून पंधरा-वीस जणांचा एक ग्रुप आला. आपल्यासारखेच, कुठल्या कुठल्या ऑफिसातले. वाट सोडून सरळ झुडपांत घुसले. एकीने फुलोरे तोडून कानामागे खोचले, एकाने हातभर फांदी मोडून माइक केला आणि गाणं म्हणायला लागला. सगळे हसले. मला माहीत नसतं तर मीही हसले असते. मी काही बोलणार तेवढ्यात मामा काठी टेकत उठला.

"बाळा, तिकीट किती वर्षांचं काढलंयस?"

"काय काका?"

"ही मोडलीस ना, ती सात वर्षं थांबली होती. तिच्या बिया आता पडणार नाहीत. आणि ती पुन्हा फुलणार नाही, मरणारच आहे. म्हणजे तिचं खानदानच संपलं."

मुलगा ओशाळला. फांदी कुठे ठेवावी तेच त्याला कळेना. शेवटी त्याने ती झुडपाच्या बुंध्याशी अगदी नीट टेकवून ठेवली, जणू परत जोडली जाईल. चांगला होता बिचारा.

आंब्याचा मोहोर एका वर्षी गेला तर पुढच्या वर्षी आशा असते. कारवीला पुढचं वर्ष नाही. फुलून झाल्यावर फुलोरे वाळतात, बिया त्या वाळक्या बोंडांत अडकून राहतात, हिवाळा आणि अख्खा उन्हाळाभर. पुढच्या जूनच्या पावसात त्या बाहेर पडतात. म्हणजे मधले आठ महिने संपूर्ण पुढची पिढी वाळक्या काठ्यांवर टांगलेली. त्या वर्षी मार्चमध्ये एक वणवा लागला, कुणी एक पेटती सिगरेट टाकली, तर? म्हातारी मेलेली आणि पोरं जन्माला यायच्या आधीच खाक. तो उतार पुन्हा कधी जांभळा होईल, कोण जाणे.

याच डोंगरांच्या पोटातून जाणाऱ्या ठाणे-बोरिवली बोगद्याचं आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्यांचं भूमिपूजन १३ जुलै २०२४ला झालं, म्हणजे कारवी फुलायच्या जेमतेम महिनाभर आधी. माझी यावर ठाम भूमिका वगैरे नाही, खोटं कशाला बोलू? ठाण्याच्या क्लायंटकडे मीटिंग असली की घोडबंदर रोडवर माझे दोन दोन तास जातात आणि त्या वेळी मी बोगदाच काय, रॉकेटसुद्धा मागेन. बोगदे जमिनीच्या खूप खालून जातात, हेही खरं. पण आपण वाचवायचा म्हणतो तो वेळ मिनिटांत असतो आणि वरच्या उतारावरचा वेळ आठ आठ वर्षांचा. त्या दिवशी दगडावर बसून हे दोन हिशेब एका कागदावर मांडायचा प्रयत्न केला. जमला नाही.

एथनिक डेची भिंत

परतीच्या वाटेवर बस स्टॉपजवळ काकड्या विकणाऱ्या एका मावशींशी गप्पा झाल्या. उद्यानातल्याच पाड्यातल्या. कारवी बघायला आलो म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना. "तुम्ही फुलं बघायला येता. आमची घरंच कारवीची होती."

कुडाचं घर. कारवीच्या काठ्या जवळजवळ उभ्या करायच्या, आडव्या काठ्यांनी बांधायच्या, दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायचं. झाली भिंत. हलकी, उन्हाळ्यात गार. फुलून मेलेली कारवी तशीही वाळकी काठीच, तीही कामी यायची. आता सिमेंट आणि पत्रा आलाय. "गार नाय वाटत," मावशी म्हणाल्या.

आता जरा तुमच्या कपाटात डोकवा. वारली प्रिंटचा कुर्ता असेलच, निदान एक कुशन कव्हर तरी, ऑफिसच्या एथनिक डेला हमखास बाहेर येणारं. जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेलेली ती कला (२०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली), तिचा मूळ कॅनव्हास कोणता? कुडाची गेरूने सारवलेली भिंत आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. म्हणजे ते त्रिकोणी बाहुले ज्या भिंतीवर नाचायला शिकले, तिच्या आत बहुतेक वेळा कारवी उभी होती. माझ्याकडे तीन कुर्ते आहेत. मला हे २०२४पर्यंत माहीत नव्हतं.

जाता जाता एक खुलासा, कारण ऑफिसात हा घोळ हमखास होतो. कास पठारावर दिसते ती टोपली कारवी. हिची बहीण, पण बुटकी, पालथ्या टोपलीसारखी गोल, आणि ती साधारण सात वर्षांनी फुलते. मुन्नारची नीलकुरिंजी ही तिसरी बहीण, तिचं घड्याळ बारा वर्षांचं. २००६ला फुलली, मग २०१८ला, आणि त्याच ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, बहुतेकांची बुकिंग्ज वाहून गेली. पुढची २०३०. प्लॅन करणाऱ्यांनी करा.

फट्!

फुलं बघून आल्यावर मला वाटलं, झालं. मामा म्हणाला, अर्धंच झालं. जूनमध्ये पुन्हा जायचं. का, तर ऐकायला.

तुमच्या शाळेच्या कुंपणाशी ती जांभळ्या फुलांची बारकी रोपटी होती का, जिच्या वाळक्या शेंगा पाण्यात टाकल्या, नाहीतर थुंकी लावली, की फटकन फुटायच्या? तीही अडुळशाच्याच कुळातली. कारवी हेच करते, डोंगरभर. पहिल्या पावसाचं पाणी लागलं की वाळकी बोंडं तडकतात आणि बिया उडतात. मामाने हा आवाज २००९ साली ऐकला होता. २०१७ला गुडघ्याचं दुखणं सुरू झालं आणि राहून गेलं.

आम्ही ठरवलं, ८ जून २०२५, रविवार. कॅलेंडरवर गोल केला. आणि पाऊस २६ मेलाच आला! मुंबईत इतक्या लवकर मान्सून आल्याची नोंदच नाही, नेहमीच्या तारखेच्या सोळा दिवस आधी. मी खिडकीत उभी, बाहेर धो धो, आणि डोक्यात एकच विचार, फुटतायत. तिकडे सगळ्या फुटतायत आणि मी इथे एक्सेल शीट भरतेय. मामाला फोन केला. तो म्हणाला, "मला काय सांगतेस, पावसाला सांग."

येत्या रविवारी, १ जूनला गेलो. पाऊस उघडला होता. डोंगर ओळखू येत नव्हता. जांभळं नाही, हिरवं नाही, मेलेल्या करड्या काठ्यांचं रान आणि त्यावर तपकिरी फुलोऱ्यांचे सांगाडे. एकही माणूस नाही. कोण येईल हे बघायला? बहुतेक बोंडं उघडी पडलेली, रिकामी. मामा काही न बोलता एकेक फुलोरा बघत पुढे चालला होता. मी मागे, मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत.

एका कातळाच्या आडोशाला, जिथे पाऊस तिरका पोचला नव्हता, तिथे तो थांबला. बाटलीचं झाकण उघडून त्यात थोडं पाणी घेतलं आणि एका वाळक्या फुलोऱ्यावर थेंब थेंब सोडलं. तोडला नाही, जागेवरच.

काहीच झालं नाही. एक मिनिट. दोन. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने बोट ओठांवर ठेवलं.

फट्.

अगदी बारीक. नख वाजवल्यासारखं. मग आणखी एक. मग तीन-चार एकदम, आणि काहीतरी माझ्या गालाला लागून खाली पडलं. चपटी, तपकिरी, नखाएवढीही नाही अशी बी. मी ती उचलायला वाकले.

"राहू दे तिथेच," मामा म्हणाला.

जुलैत मी एकटी जाऊन आले. त्याला पायऱ्या झेपल्या नसत्या, तेव्हा पाऊस फार होता. मेलेल्या काठ्यांखाली, चिखलात, दोन दोन पानांची इवली रोपं, इतकी की पाऊल टाकायला जागा नाही. वाटेवर उभं राहूनच एक फोटो काढला आणि मामाला पाठवला. तो मेसेजला उत्तर देत नाही, हे माहीत होतं. पाच मिनिटांनी फोन आला.

"किती आहेत?"

"मोजता येत नाहीत रे."

"बरं. बत्तीस साली मी चौऱ्याहत्तरचा असेन. बस कान्हेरीपर्यंत जातेच. पायऱ्यांचं बघू."

खट्. फोन बंद.